बायोडेटा (नोकरी)

बायोडेटा म्हणजे नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराने आपले शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांची थोडक्यात केलेली क्रमवार मांडणी होय. यास परिचयपत्र असेही म्हणतात. भारतात बायोडेटा, सीव्ही आणि रेझ्युमे हे शब्द बहुधा समानार्थी वापरले जातात. सीव्ही हे ‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दप्रयोगाचे लघुरूप असून त्याचा अर्थ ‘जीवनक्रम’ असा आहे. रेझ्युमे या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘सारांश’ असा होतो.

पूर्वपीठिका

लिओनार्दो दा विंची याने इ.स. १४८२च्या सुमारास मिलानचा राज्यकर्ता लुडोव्हिको स्फोर्झा यास उद्देशून लिहिलेल्या पत्राचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. त्यात पूल, तोफा व वेढ्याची साधने बनविण्याचे कौशल्य आधी, तर चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी आहे. पत्र वाचणाऱ्याची गरज ओळखून केलेला हा क्रम आजही मार्गदर्शक ठरतो.

विवाहाचा बायोडेटा आणि नोकरीचा बायोडेटा

मराठी समाजात ‘बायोडेटा’ हा शब्द विवाह जुळविताना दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रासही वापरतात. त्यामुळे उंची, वर्ण, कुलदैवत, भावंडांची संख्या असा तपशील नोकरीच्या अर्जातही अनवधानाने शिरतो. कामाशी त्याचा संबंध नसल्याने तो वगळावा. आधार क्रमांकही लिहू नये.

मांडणी

प्रारंभी नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, ई-मेल व गाव द्यावे. नाव प्रमाणपत्रांवर असेल तसेच लिहावे. विवाहानंतर किंवा अन्य कारणाने ते बदलले असल्यास शासकीय राजपत्रातील नोंद किंवा तत्सम पुरावा जवळ ठेवावा. शिक्षण व अनुभव यांची नोंद सर्वांत अलीकडच्या टप्प्यापासून मागे जात करावी. नवोदितास एक पृष्ठ व अनुभवी उमेदवारास दोन पृष्ठे सहसा पुरेशी होतात. अध्यापन व संशोधन क्षेत्रांत प्रकाशनांची संपूर्ण यादी अपेक्षित असल्याने ही मर्यादा लागू होत नाही.

अनुभव लिहिताना विशेषणांऐवजी काम सांगावे. ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ या वाक्याने वाचणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘जून २०२१ ते मार्च २०२४ : सांगली जिल्ह्यातील ४० किराणा दुकानांकडून मागणी नोंदविली व वसुलीचा मासिक हिशेब ठेवला’ असे लिहिल्यास काम, काळ व जबाबदारी एकाच वेळी स्पष्ट होतात.

अनुभव नसलेले उमेदवार

पहिलीच नोकरी शोधणाऱ्याने हा रकाना रिकामा सोडण्याचे कारण नाही. शिकाऊ उमेदवारी, राष्ट्रीय सेवा योजनेतील काम, महाविद्यालयीन प्रकल्प, एमएस-सीआयटी किंवा टंकलेखनाची परीक्षा यांचा उल्लेख करता येतो. घरच्या दुकानाचा हिशेब सांभाळणे हाही अनुभवच होय. मात्र तो आहे तेवढाच सांगावा.

सत्यता

आजारपण, घरची अडचण किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी यांमुळे पडलेला खंड तारखा बदलून झाकू नये. एका ओळीत दिलेले खरे कारण मुलाखतीत निभावते. खोटी नोंद मूळ कागदपत्रांच्या पडताळणीत उघड होते व झालेली नेमणूकही रद्द होऊ शकते.

भाषा व टंक

जाहिरात ज्या भाषेत असेल त्या भाषेत बायोडेटा लिहावा. मराठी मजकूर युनिकोड टंकातच असावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकातील मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतो. अनेक कंपन्या अर्जांची प्राथमिक छाननी संगणकाद्वारे करतात. त्यामुळे साधी मांडणी ठेवावी, चौकटी व चित्रे टाळावीत आणि जाहिरातीतील कौशल्यांचे शब्द, ती कौशल्ये खरोखर असतील तर, तसेच वापरावेत.

मर्यादा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगासारख्या संस्थांच्या स्पर्धा परीक्षांसाठी विहित ऑनलाइन अर्जच भरावा लागतो. बायोडेटा त्याची जागा घेऊ शकत नाही. खासगी नोकरीतही बायोडेट्याचे काम उमेदवारास मुलाखतीपर्यंत नेण्याचे असते. म्हणून त्यातील प्रत्येक ओळीविषयी विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्याची उमेदवाराची तयारी असावी.