गुलछडीचा पॅरिसमधला अवतार

पुण्याच्या मार्केट यार्डात जिची गुलछडी म्हणून किलोवर बोली लागते आणि पेठेतल्या फुलवाल्याकडे आली की जी निशिगंध होते, ती आपल्या लेखी अगदी सोज्ज्वळ. नवरानवरीच्या हारात ती, पाहुण्यांच्या सत्कारात ती, आणि भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोलाही तीच. युरोपात मात्र या फुलाची बरीच बदनामी झालेली आहे. तरुण मुलींनी संध्याकाळनंतर निशिगंधाच्या वाफ्यांकडे फिरकू नये, अशी ताकीद इटलीत देत असत म्हणे. आख्यायिकाच ती, पण परफ्यूमच्या धंद्याने ती मोठ्या हौसेने जपली.

या बदनामीचं सोनं केलं ते 'फ्राका'ने. १९४८ साली पॅरिसमधल्या रोबेर पिगे या फॅशनगृहाने हे परफ्यूम बाजारात आणलं. पिगे मूळचा स्वित्झर्लंडचा. ख्रिस्तियन दिओरने स्वतःचं दुकान थाटण्याआधी याच्याकडे काम केलं होतं. पिगेचं फॅशनगृह १९५१ साली बंद झालं, दोन वर्षांनी तोही गेला. त्याने शिवलेले कपडे आज संग्रहालयात बघावे लागतात. परफ्यूम अजून विकत मिळतं.

हे परफ्यूम रचलं जर्मेन सेलिएने. १९०९ साली बोर्दोत जन्मलेली ही बाई पॅरिसला येऊन रसायनशास्त्र शिकली आणि रूर या सुगंधी द्रव्यांच्या कंपनीत लागली. तेव्हा परफ्यूम वापरायच्या बायका, पण बनवायचे जवळजवळ सगळे पुरुषच. उंच, देखणी आणि तोंडाने फटकळ असं तिचं वर्णन केलं जातं. वरिष्ठांशी पटेना, तेव्हा कंपनीने तिला वेगळी प्रयोगशाळाच काढून दिली. तिचा हातही तसाच सढळ. पिगेसाठीच १९४४ साली केलेल्या 'बाँदी'त तिने चामड्यासारख्या कडवट वासाचं एक रसायन इतकं ओतलं, की दुसऱ्या कुणी त्याचे थेंब मोजले असते. १९४७ च्या 'वाँ व्हेर'मध्ये गॅल्बनम या हिरवट वासाच्या डिंकाचा असाच मारा. नाजूकपणा तिला जमत नव्हता असं नाही, तिला त्यात रस नव्हता.

निशिगंध तिच्या हाती लागला हे म्हणूनच बरं झालं. संध्याकाळी उमलत्या कळीला नाक लावून नीट हुंगा. गोडव्याच्या आधी एक थंड, औषधी झिणझिणी येते. ती मिथाइल सॅलिसिलेटची; दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमात तेच असतं. मग द्राक्षाच्या गोळीसारखा वास येतो, तो मिथाइल अँथ्रानिलेटचा. आणि तळाशी इंडोल, जे मोगऱ्या-जाईतही असतं. थोडं असलं तर फुलाला जिवंतपणा येतो, जास्त झालं तर कुजकट दर्प. हार दुसऱ्या दिवशी घरात का नकोसा होतो, ते यावरून कळावं. सभ्य परफ्यूमवाले यातलं टोकदार ते कापून काढतात आणि उरलेलं गोडगोड पाणी बाटलीत भरतात. सेलिएने या फुलाला नारिंगीचा मोहोर, जाई आणि गार्डेनियाचा भास जोडला, खाली चंदन आणि कस्तुरीसारख्या वासांची बैठक दिली आणि आवाज आणखी वाढवला.

त्यामुळे 'फ्राका' लावणारी बाई म्हणजे जाहिरातीतली गूढ, अर्धोन्मीलित डोळ्यांची मोहिनी, हे मला काही पटत नाही. गूढपणाला दबकून राहावं लागतं आणि या वासाला दबकणं ठाऊक नाही. मला दिसते ती चाळिशी ओलांडलेली, लग्नघरात उशिरा येऊन थेट पहिल्या रांगेत बसणारी, मोठ्याने हसणारी मावशी. तिच्याबद्दल मागून बोलणारे तिच्या शेजारची खुर्ची मात्र सोडत नाहीत.

या फुलाचा अर्क काढणंही सोपं नाही. तोडल्यावरही ते बराच वेळ सुगंध सोडत राहतं, आणि उष्णतेने त्याचा वास बिघडतो. म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या ग्रासला काचेच्या चौकटींवर शुद्ध केलेली चरबी थापून तिच्यावर फुलं मांडत, शिळी काढून ताजी घालत, चरबी वासाने भरेपर्यंत. नंतर मद्यार्काने तो सुगंध सोडवून घ्यायचा. हे काम मजुरांच्या हातांवर चाले, त्यामुळे पुढे परवडेना. आता हेक्सेनसारख्या द्रावकात फुलं भिजवतात. टनभर फुलांतून मेणासारखा अर्क निघतो तो किलोच्या आसपास, आणि त्यातून मेण काढून टाकलं की उरतो त्याचा लहानसा हिस्सा. किंमत विचारूच नये.

मधल्या काळात 'फ्राका'चे हाल झाले. १९९० च्या दशकात अमेरिकी मालकांनी ते नव्याने बाजारात आणलं. सेलिए इतर रसायनगृहांची तयार मिश्रणं सर्रास वापरायची आणि त्यातली अनेक पुढे बंद पडली, म्हणून तिची परफ्यूम हुबेहूब पुन्हा करणं अवघड जातं. आजची बाटली १९४८ ची नव्हे, हे धरूनच चालावं. तरी घ्यायचंच असेल तर दुकानातल्या कागदी पट्टीवर भरवसा ठेवू नका. मनगटावर एकदाच उडवा आणि तासभर बाहेर फिरून या. सुरुवातीचा हिरवट भाग विरून लोण्यासारखा दाट वास उरतो, तो आपल्याला झेपतो का ते तेव्हाच कळतं. लोकलच्या गर्दीत दुसरा फवारा टाळावा, ही शेजारच्या प्रवाशांच्या वतीने विनंती.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, घायपाताच्या कुळातला. अर्कासाठी त्याची मोठी शेती आज भारतात होते, मुख्यतः तमिळनाडू आणि कर्नाटकात, आणि तिथला अर्क फ्रान्सला जातो. त्यासाठी एकेरी पाकळ्यांची जात लागते, कारण डबलपेक्षा तिचा वास जास्त. महाराष्ट्रात पिकणारी गुलछडी बहुतेक हारातच संपते.