जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमधील विद्युत दोषनिदान : ‘एम.जी.बी.’चे उदाहरण

प्रस्तावना :
इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. ही स्पोर्ट्‌स कार तयार होत असे. तिची विद्युत सामग्री प्रामुख्याने लुकास कंपनीची होती. या सामग्रीच्या बेभरवशामुळे कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ असे उपहासात्मक टोपणनाव मिळाले. तथापि आज या गाड्यांत आढळणारे पुष्कळसे दोष सुट्या भागांचे नसून तारांच्या जोडांचे असतात. ते शोधण्याची पद्धत स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तारांचे रंग :
प्रत्येक तारेचे कार्य तिच्या रंगावरून कळते. तपकिरी तारेत चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो. पांढऱ्या तारेत तो चावी फिरवल्यावर येतो. हिरवी तार हाच पुरवठा फ्यूजमधून पुढे नेते, तर काळी तार अर्थिंगची असते. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. त्यानंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले. म्हणून तपासणीपूर्वी ही बाब निश्चित करणे आवश्यक ठरते.

दोषाचे स्वरूप :
या गाडीत विद्युतधारा सांगाड्यातून बॅटरीकडे परतते. बोल्टखाली गंज चढला, की त्या जोडाचा रोध वाढतो. १२ व्होल्टवर चालणारा ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर धारा घेतो. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम होय. अर्थिंगच्या जोडात केवळ ०.६ ओहम रोध निर्माण झाल्यास, दिव्याचा रोध स्थिर मानून, धारा ४ अँपिअरवर येते. दिव्यास ३८.४ वॅट शक्ती मिळते आणि ९.६ वॅट शक्ती जोडात उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

दिवा काढून त्याच्या जागी मल्टिमीटर लावल्यास मात्र पूर्ण १२ व्होल्ट दिसतात; कारण धाराच नसल्याने जोडावर विभवांतर पडत नाही. येथेच निदान चुकते आणि निर्दोष भाग बदलला जातो.

तपासणीची पद्धत :
दिवा चालू ठेवूनच मोजणी करावी. मीटरची एक तार दिव्याच्या अर्थिंगच्या टोकाला व दुसरी बॅटरीच्या सांगाड्याकडील टोकाला लावावी. जोड उत्तम असल्यास वाचन जवळजवळ शून्य येते. वरील उदाहरणात ते २.४ व्होल्ट येईल. त्यानंतर दिव्याकडील तार एकेक जोड ओलांडत बॅटरीच्या दिशेने सरकवावी. ज्या जोडापाशी वाचन एकदम घटते, तोच सदोष समजावा. पुरवठ्याच्या बाजूचे जोडही याच रीतीने तपासता येतात.

सुरक्षितता :
मूळ रचनेत तपकिरी व पांढऱ्या तारांना फ्यूजचे संरक्षण नाही. त्यांचे आवरण झिजून धातू सांगाड्याला टेकल्यास आग लागू शकते. म्हणून जोड उघडण्यापूर्वी बॅटरी अलग करावी. लुकासच्या फ्यूजवरील ३५ अँपिअर हा आकडा तो वितळण्याचा आहे. सतत वहनाची त्याची क्षमता १७ अँपिअर असते. सतत ३५ अँपिअर वाहून नेणारा फ्यूज बसवल्यास फ्यूजऐवजी तारच तापते.

निष्कर्ष :
विद्युत दोषाचे निदान म्हणजे ओहमच्या नियमाचे उपयोजन होय. चालू परिपथातील विभवांतर मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये. कारण सदोष जोड तसाच राहिल्यास नवा भागही मंदच चालतो आणि जोड तापतच राहतो.