श्रद्धेच्या दारातून तपासणीकडे



सुरुवात घरातून करतो. माझ्या थोरल्या बहिणीला, पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, पुन्हा अंगावरून जायला लागलं. तिनं उपास वाढवले, नवस बोलली. घरात मात्र कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिला देव जवळचा वाटला, दवाखाना परका. याचा दोष मी तिच्या श्रद्धेला देत नाही. त्या श्रद्धेच्या दारापर्यंत आरोग्याची गोष्ट कोणी नेलीच नाही, हा खरा दोष.

आता वस्तुस्थिती बघू. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग बहुधा एचपीव्ही विषाणूच्या टिकून राहिलेल्या संसर्गातून होतो, आणि त्याला बरीच वर्षं लागतात. म्हणजे त्याला आधीच पकडता येतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही चाचणी दिलेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. सरकारी धोरणही तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करा असं सांगतं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांतल्या दोघींनीसुद्धा ही तपासणी केलेली नव्हती.

मग बाई येत का नाही? लाज, मजुरी बुडण्याची भीती, आणि परक्यानं हात लावण्याचा संकोच. इथं पत्रक पुरत नाही, विश्वासातलं माणूस लागतं. आपल्या तालुक्याला हे नवं नाही. मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आरतीला माणसं जमवली आणि तिथूनच दारू सोडा, स्वच्छ राहा असं सांगितलं. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारा त्यांच्यातला होता. मशिदीतल्या, चर्चमधल्या, आरतीतल्या जाणत्या बायका हेच काम करू शकतात. ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परततात, तेव्हा बोलणं काढावं.

पण इथं माझ्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. धर्माचा अधिकार वापरून बाईला तपासणीला आणणं योग्य आहे का? माझं उत्तर असं: धर्मानं दार उघडावं, आत जायचं की नाही ते तिनंच ठरवावं. "देवाची आज्ञा आहे" असं सांगून आणलेली बाई म्हणजे पुन्हा हुकूम पाळणारी बाईच. तिला सगळं समजावून सांगा, तपासणारी बाईच असू द्या, आणि कोणाचा निकाल काय आला हे प्रार्थनेतसुद्धा कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका.

दुसरी अट त्याहून कठीण. हा विश्वास आपण उसना घेतो, तो फेडावा लागतो. दोष आढळला आणि पुढच्या उपचारापर्यंत सोबत कोणी गेलं नाही, तर एक बाई नाही, अख्खी वस्ती पाठ फिरवते. म्हणून शिबिराची तारीख ठरवण्याआधी नंदुरबारला तिच्याबरोबर कोण जाणार, तिची मुलं कोण सांभाळणार, हे ठरवा.

बहिणीच्या देव्हाऱ्यासमोर तेव्हा एखादी शेजारीण बसली असती आणि म्हणाली असती, "अक्का, उद्या मी येते तुझ्यासोबत," तर? एवढंच विचारून थांबतो.