पोझ देणारीच्या बाजूने

लंडनच्या रॉयल अकॅडमीची १७६८ साली स्थापना झाली, तेव्हा संस्थापक सभासदांत दोन स्त्रिया होत्या : अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. पुढे योहान झोफानीने या सभासदांचं समूहचित्र रंगवलं. विवस्त्र पुरुष मॉडेलला पोझ लावून देणं चाललं आहे, भोवती कलावंतांची दाटी आहे. आणि या दोघी मात्र भिंतीवरच्या तसबिरींत! उघड्या देहासमोर स्त्रीने बसणं चालत नव्हतं. पॅरिसच्या एकोल द बोझारचं दारही विद्यार्थिनींसाठी उघडलं ते १८९७ साली. देहाचा अभ्यास नाही म्हणून पौराणिक-ऐतिहासिक मोठी चित्रं नाहीत, आणि ती नाहीत म्हणून नाव नाही, असा तो सरळ हिशेब होता.

चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून मी स्त्री-चित्रकारांच्या मनुष्याकृती शोधून शोधून पाहत आले आहे. ‘बाईची हळुवार नजर’ म्हणतात तसलं काही मला त्यांत सापडलं नाही. पोझ देणं हे अंगमेहनतीचं काम आहे, याची जाण मात्र सापडली. वर्गात आपण प्रमाण मोजतो, छायाप्रकाश बघतो. तेवढ्या वेळात भार असलेल्या पायाला मुंग्या येतात, कंबर नकळत कलते. मग आपलं ड्रॉइंग बिघडतं आणि आपण म्हणतो, मॉडेल हलली.

सुझान व्हालादों ही या बाबतीत माझी पहिली गुरू. गरीब आईची मुलगी. सर्कशीत काम करताना पडली आणि मोंमार्त्रमध्ये मॉडेल झाली. प्युव्ही द शावान, रन्वार, तुलूज-लोत्रेक यांच्यासाठी तिने पोझ दिली. रन्वारच्या १८८३च्या ‘बुजिवालचं नृत्य’मधली तरुणी हीच. चित्र कसं घडतं ते बघत बघत ती शिकली, आणि पुढे देगाने तिची ड्रॉइंग्ज विकत घेतली. तिची १९२३ची ‘निळी खोली’ मी पुन्हा पुन्हा बघते. पलंगावर पहुडलेली स्त्री हा युरोपीय चित्रकलेतला किती जुना विषय! पण ही बाई पट्ट्यापट्ट्यांच्या ढगळ विजारीत आहे, ओठांत सिगारेट, पायाशी पुस्तकं. बघणाऱ्याकडे तिचं लक्षच नाही. अंगाचा सगळा भार गादीत उतरला आहे. दुसऱ्यांच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षं अवघडून राहिलेल्या बाईलाच असा निवांतपणा रंगवता येतो, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी वाट आरशातून जाते. पाउला मोडरझोन-बेकरने १९०६ साली पॅरिसमध्ये स्वतःला उघड्या अंगाने रंगवलं, पोट गरोदर बाईसारखं. प्रत्यक्षात ती तेव्हा गरोदर नव्हती. पुढच्याच वर्षी मुलीला जन्म देऊन काही दिवसांत ती गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. हे कळल्यावर त्या चित्रात मरणाची चाहूल शोधण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा, कारण चित्रातल्या बाईला आपल्या ताकदीची पुरती खात्री आहे. अ‍ॅलिस नीलने १९८० साली, ऐंशीव्या वर्षी, निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसून आपलं ओघळलेलं शरीर असंच बेधडक मांडलं. तिच्या हातात ब्रश आहे. गरोदर मार्गारेट इव्हान्सचं तिने केलेलं चित्रही (१९७८) मला फार आवडतं. शीर्षकातच बसणारीचं नाव आहे. आमच्या वार्षिक प्रदर्शनांत ड्रॉइंगखाली विद्यार्थ्याचं नाव असतं, माध्यम असतं. तासन्‌तास बसलेली बाई कोण, ते नसतं.

आणि मग अमृता शेर-गिल. बोझारमध्ये शिकत असताना, १९३३ साली, तिने ‘प्रोफेशनल मॉडेल’ रंगवलं. थकलेला, उतरलेला देह. वर्गात हाच देह आम्ही ‘स्टडी’ म्हणून पाहिला असता. शेर-गिल तिचा शीण पाहते आणि तो गोडही करत नाही, करुणही करत नाही. भारतात परतल्यावर केलेल्या ‘तीन मुली’ (१९३५) या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिथे वाट बघणंच देहात मुरलं आहे. मांडीवर सैल पडलेला हात बघितला तरी पुरे. दक्षिणेकडे जाताना तिने अजिंठा पाहिला आणि १९३७ची तीन दक्षिण भारतीय चित्रं त्यातून उमलली. त्यांतल्या ‘ब्रह्मचारी’मधले उघडे, सावळे देह मला शिल्पासारखे भक्कम वाटतात. काही चेहऱ्यांवरची उदासी मात्र एकाच साच्याची वाटते, आणि शेर-गिलवर जीव असूनही हे म्हणायला हवं.

नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा यांच्याबद्दलही माझं मन असंच दुभंगतं. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकर्तीने कोळणी, कष्टकरी बाया आयुष्यभर रंगवल्या. त्यांचे रंग अप्रतिम आहेत. पण त्या लांबसडक, डौलदार मानांना माशांच्या टोपलीचं ओझं कधी जाणवलं असेल, असं मला वाटत नाही. कष्टाचं सौंदर्य झालं आणि कष्ट मागे राहिले.

हे ओझं मला भेटलं ते रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (२०१८) या चित्रपटात. मुलाच्या शिक्षणासाठी चित्रकलेच्या वर्गात विवस्त्र बसणारी यमुना कल्याणी मुळे यांनी उभी केली. दिग्दर्शक पुरुष आहे, त्यामुळे माझं म्हणणं निव्वळ स्त्री-पुरुष भेदापाशी थांबत नाही. चित्र काढणाऱ्याने पोझ देणारीच्या पायातल्या मुंग्या ओळखल्या का, एवढंच मी आता प्रत्येक मनुष्याकृतीत शोधते, आणि पुष्कळ नावाजलेली चित्रं त्यापुढे मला रिकामी वाटू लागली आहेत.