चंद्र खाली का पडत नाही?



सातवी-आठवीतली लेक विचारते, “आई, चंद्र खाली का पडत नाही?” आपण म्हणतो, “मला काय कळतंय, शाळेत बाईंना विचार.” पण हे उत्तर आपल्याला कळण्यासारखंच आहे.

गोफण आठवा. फिरवताना दगड सुटून पळू बघतो, दोरी त्याला धरून ठेवते. चंद्रही वेगाने पुढे पळतोय आणि पृथ्वीची ओढ त्याला वळवून धरते. झाडावरचा आंबा खाली पाडते तीच ही ओढ. तिचं नाव गुरुत्वाकर्षण.

सूर्य हाही एक ताराच. जवळ आहे म्हणून मोठा दिसतो. तरी त्याचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे ८ मिनिटं लागतात. असे अब्जावधी तारे या ओढीने एकत्र बांधले गेले की होते दीर्घिका. आपल्या दीर्घिकेचं नाव आकाशगंगा. पाऊस सरल्यावर अवसेच्या रात्री, कान्ह्याच्या दिव्यांपासून लांब, पुरेशा अंधारात तिचा पांढुरका पट्टा दिसतो.

दीर्घिकांचेही समूह असतात. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसोबत असाच एक प्रचंड महासमूह शोधला. २०१७ मध्ये तो जाहीर झाला. नाव दिलं ‘सरस्वती’. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे तिथून ४०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आज आपल्यापर्यंत पोचतोय.

आपली लोकल जाते त्याच पुण्यातलं हे काम. तिथवर आपलीही लेक पोचू शकते. तिचा प्रश्न परतवू नका. गोफणीपासून सुरुवात करा.