महामारीतील मुदतवाढ आणि लेखनिकाचा हक्क

अपंग व्यक्तीसाठी उर्दूत 'माज़ूर' हा शब्द रूढ आहे. तो 'उज़्र' म्हणजे सबळ कारण यावरून आला असून, ज्याचे कारण मान्य करून ज्याला सवलत द्यावी तो माज़ूर, असा त्याचा मूळ भाव आहे. बसून नमाज पढण्याची मुभा आजाऱ्याला मिळते ती याच तत्त्वावर. कोरोनाच्या काळात मात्र उलटेच घडले. सवलत द्यायची होती त्या यंत्रणेनेच आपले उज़्र पुढे केले, आणि ज्यांना सवलत मिळायची होती ते थांबून राहिले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी : 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६' हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. उच्च शिक्षणात लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्क्यांहून कमी नाहीत इतक्या जागा राखून ठेवण्यात आल्या. परीक्षेतील लेखनिक आणि वाढीव वेळ यांविषयी २९ ऑगस्ट २०१८ रोजी मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यानुसार दर तासाला किमान २० मिनिटे जादा द्यावयाची होती. पण या सूचनाही ४० टक्क्यांच्या वरच्यांसाठीच होत्या.

खरी अडचण येथे सुरू होते. हात आखडण्याचा विकार असलेल्या एका डॉक्टरने नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक मागितला. त्याचे अपंगत्व अवघे ६ टक्के ठरले होते, म्हणून लोकसेवा आयोगाने नकार दिला. बोलता येते, विचार करता येतो, फक्त लिहिता येत नाही. अशा माणसाला टक्केवारीचे गणित काय कामाचे? सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निकाल देताना लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि अशा परीक्षार्थींसाठी तीन महिन्यांत नियमावली करण्यास केंद्राला सांगितले.

तीन महिने संपता संपता दुसरी लाट शिगेला पोहोचली होती. तेव्हा नियमावली अडली असेल तर त्याचा कोणी बाऊ करणार नाही. परंतु परीक्षा काही कायमच्या थांबल्या नाहीत. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' १२ सप्टेंबर २०२१ रोजी झाली, नागरी सेवेची पूर्वपरीक्षा १० ऑक्टोबर २०२१ रोजी. नियमावली आली ती १० ऑगस्ट २०२२ रोजी, निकालानंतर दीड वर्षाने. परीक्षा घेण्याइतकी सवड होती, तर त्या परीक्षेचे नियम लिहिण्याइतकी का नव्हती, हा प्रश्न शिक्षकांनी विचारण्याजोगा आहे.

नियम असूनही काय होते याचे उदाहरण त्याच 'नीट'मध्ये मुंबईत सापडते. लेखनदोष असलेल्या एका विद्यार्थिनीकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र होते, म्हणजे जुन्या सूचनाही तिला लागू होत्या. तरी केंद्रावर तिला जादा तास मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य झाले, पुनर्परीक्षा मात्र मिळाली नाही. परीक्षा संस्थेने आठवड्याभरात अन्य उपाय शोधावा, एवढेच सांगण्यात आले. केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियम शिकवून पाठवा, ही न्यायालयाची अपेक्षा आपल्यापैकी प्रत्येक पर्यवेक्षकाला लागू आहे.

याच काळात आणखी एक प्रयत्न झाला. जुलै २०२० मध्ये कलम ८९, ९२(अ) आणि ९३ यांखालील शिक्षा सौम्य करण्याचा प्रस्ताव आला, आणि मते कळविण्यास जेमतेम दहा दिवस दिले गेले. ९२(अ) हे कलम सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करण्याविषयीचे आहे. अपंगांच्या संघटनांनी टाळेबंदीतही एकजुटीने विरोध केल्यावर तो मागे घेण्यात आला. मुदत लांबविण्यास महामारी पुरते, मुदत आखडण्यासही तीच पुरते, हे यातून दिसले.

बुऱ्हाणपुरात, सिंधमधून आलेल्या सूफींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिंधीपुऱ्यात किंवा यंत्रमागाच्या गल्ल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला यातले बहुतेक ठाऊक नसते. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे ४० टक्क्यांखालील परीक्षार्थीला मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्या अध्यक्षतेखालील समितीचे, लिहिण्यास अडचण असल्याचे प्रमाणपत्र लागत असे. बुऱ्हाणपूर २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाल्याने त्यासाठी खंडव्याला जावे लागू नये, ही जमेची बाजू. पण अर्ज परीक्षेच्या आठवड्यात नव्हे, प्रवेशाच्या वेळीच करवून घेतला पाहिजे, आणि हे काम वर्गशिक्षकाचेच आहे. अक्षर गिचमिड, उत्तरपत्रिका अर्धवट, तोंडी मात्र सर्व येते, असा विद्यार्थी दिसला की त्याला आळशी म्हणण्यापूर्वी डॉक्टरकडे पाठवावे.

पुढे ३ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ ची नियमावलीही अपुरी ठरवली आणि टक्केवारीची आडकाठी न आणता सर्व अपंग परीक्षार्थींना या सोयी द्याव्यात, नियमावली दोन महिन्यांत सुधारावी, असा आदेश दिला. या वेळी कोणतीही महामारी नव्हती.