अभिरूप न्यायालय स्पर्धा : निम्मी लढत कागदावरच

नवी दिल्ली : न्यायदालनासारखी मांडणी, समोर परीक्षकांचे खंडपीठ, काळ्या कोटातील विद्यार्थी आणि उरलेल्या मिनिटांचे फलक दाखवणारा न्यायालय अधिकारी. अभिरूप न्यायालय अर्थात ‘मूट कोर्ट’ स्पर्धेचे हे दृश्य पाहिले की ती फर्डे इंग्रजी बोलणाऱ्यांसाठीच असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. मराठी माध्यमातून विधी महाविद्यालयात आलेला विद्यार्थी त्यामुळे निवड फेरीतच मागे राहू शकतो. वास्तविक, संघ युक्तिवादासाठी उभा राहतो तेव्हा स्पर्धेचा बराच भाग आधीच पार पडलेला असतो.

सर्वांना सराव, मोजक्यांना स्पर्धा

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनी अभिरूप न्यायालय हा अभ्यासक्रमाचा भाग केला आहे. त्यासाठी 30 गुण असून प्रत्येकी 10 गुणांचे तीन सराव अपेक्षित आहेत. या 10 गुणांपैकी पाच लेखी निवेदनासाठी, तर पाच तोंडी युक्तिवादासाठी असतात. लेखणी आणि वाणी यांना नियमांनीच समान वजन दिले आहे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मात्र सहसा एका संस्थेचा एकच संघ घेतला जातो. दोन वक्ते आणि एक संशोधक अशी त्याची नेहमीची रचना असते. दिल्ली विद्यापीठाच्या कॅम्पस लॉ सेंटरची ज्येष्ठ वकील के. के. लुथरा यांच्या स्मरणार्थ होणारी फौजदारी कायद्यावरील स्पर्धा देशभरात परिचित आहे. अशा ठिकाणी जाण्यासाठी आधी स्वतःच्या महाविद्यालयातील निवड फेरी पार करावी लागते. नोंदणी संस्थेमार्फत होते आणि त्यानंतर संघाला सांकेतिक क्रमांक मिळतो. निवेदनात वा युक्तिवादात महाविद्यालयाचे नाव उघड झाल्यास गुण कापले जातात किंवा संघ बादही होऊ शकतो.

दोन्ही बाजूंची तयारी

आयोजक एक काल्पनिक प्रकरण देतात. त्यातील तथ्ये संघाला बदलता येत नाहीत. शंका असल्यास ठरलेल्या मुदतीत स्पष्टीकरण मागता येते. याचिकाकर्ता आणि प्रतिवादी अशा दोन्ही बाजूंची निवेदने लिहावी लागतात. अधिकारक्षेत्र, तथ्ये, वादाचे मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, सविस्तर युक्तिवाद आणि अखेरची प्रार्थना असा त्यांचा क्रम असतो. शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत आणि मुदत यांबाबतची चूक गुणांवर बेतते. उचललेला मजकूर आढळल्यास कारवाई होते.

दाखला आजही ग्राह्य आहे का, हे तपासणे संशोधकाचे सर्वांत जोखमीचे काम. आणीबाणीतील स्थानबद्धांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारच्या बाजूने निर्णय दिला. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते, न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. 2017 मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ सदस्यीय घटनापीठाने हा निर्णय मोडीत काढला आणि तसे लिहिणाऱ्यांत न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे यशवंत चंद्रचूड यांचेच पुत्र होते. जुने बहुमत आधार म्हणून पुढे करणारा संघ पहिल्याच प्रश्नात अडकेल; खन्ना यांच्या विरोधी मताचा अभ्यास केलेल्या संघाला मात्र उत्तर सापडेल.

फौजदारी प्रकरणात घटनेची तारीखही निर्णायक असते. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. खुनाच्या शिक्षेसाठी त्यात कलम 103 आहे. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र भारतीय दंड संहितेचे कलम 302 लागू होते. काल्पनिक प्रकरणातील तारीख नजरेतून सुटली, तर संपूर्ण निवेदन चुकीच्या कायद्यावर उभे राहते.

सशुल्क माहितीकोश नसलेल्या महाविद्यालयांसाठी एक मार्ग आता खुला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये ‘ई-एससीआर’ ही निकालांची मोफत सेवा सुरू केली. काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. विषय आधी मराठीतून समजून घेऊन मग इंग्रजी निकालाचा मूळ परिच्छेद उद्धृत करता येतो. सप्टेंबर 2022 पासून घटनापीठांपुढील सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण होत असल्याने कसलेले वकील प्रश्नांना कसे सामोरे जातात, हेही घरबसल्या पाहता येते.

परीक्षकांचे प्रश्न

तोंडी फेरीत पाठ केलेले भाषण फार काळ टिकत नाही. परीक्षक पहिल्या दोन-तीन मिनिटांतच थांबवून तथ्ये, पूर्वनिर्णय किंवा प्रतिपक्षाच्या मुद्द्यावर प्रश्न विचारू शकतात. आधी थेट होकार वा नकार, मग कारण आणि शेवटी निवेदनातील परिच्छेदाचा क्रमांक, असे उत्तर प्रभावी ठरते. उत्तर ठाऊक नसल्यास ते मान्य करणे, दाखला रचण्यापेक्षा सुरक्षित असते.

संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि बहुतेक राष्ट्रीय स्पर्धाही त्याच भाषेत होतात. ही अडचण खरी आहे. पण परीक्षकांच्या गुणपत्रिकेत कायद्याचे ज्ञान, तथ्यांचा वापर आणि प्रश्नांना दिलेली उत्तरे यांचे रकाने असतात. उच्चारांच्या डौलाला त्यांच्याइतके महत्त्व नसते. लहान, सुटी वाक्ये येथे दोष ठरत नाहीत.

1960 मध्ये सुरू झालेल्या जेसप आंतरराष्ट्रीय कायदा स्पर्धेत बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलने 1999 आणि 2013 मध्ये विजेतेपद मिळवले. भारतातील राष्ट्रीय फेऱ्यांतून संघ तेथे जातात. मात्र त्यांचीही सुरुवात महाविद्यालयातील निवड फेरीनेच होते.

नोंदणीपूर्वी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. स्पर्धेची नियमावली अखेरपर्यंत वाचावी. शुल्क, प्रवास आणि निवास यांपैकी कोणता खर्च महाविद्यालय देणार, हे लेखी विचारावे. निवेदनाच्या मुदतीत विद्यापीठाची परीक्षा येते का, हेही तपासावे. कारण एकदा संघ नोंदवला की तिघांपैकी एकाची माघार उरलेल्या दोघांना महागात पडते.